मॅजिस्ट्रेटची भिंत

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मेहुणा. मेहुण्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या मी ऐकत नाही आणि उरलेल्या निम्म्या बायको समोर असली तरच मानतो. ही एकच अशी, जी मी एकटा असतानाही मानतो.

एकटा असताना जरा जास्तच.

तारीख एकोणीस डिसेंबर २०१७, मंगळवार. जागा, आमच्या इनव्हरडार्गचं गोल्फचं मैदान, चौदावं होल. वेळ दुपारी दोन ते साडेचार. ही भुताखेतांची वेळ नव्हे, हे मला मान्य आहे. पण स्कॉटलंडच्या या टोकाला डिसेंबरात सूर्य साडेतीनला दुकान बंद करून घरी जातो. भुतांना मध्यरात्रीपर्यंत ताटकळावं लागत नाही.

मेहुण्याचं नाव गिल्बर्ट गेडिस. सगळा गाव त्याला गिब्बी म्हणतो. एकोणीस वर्षं तो या मैदानावर ग्रीनकीपर होता, म्हणजे गवताची निगा राखणारा. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत. पण कुठल्या हिरवळीवर कुठल्या कोपऱ्यात बुरशी आली होती, हे तो सालासकट सांगतो.

त्या ऑक्टोबरात जुना मुख्य ग्रीनकीपर सॉर्ली निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी झाली. त्या जागेबरोबर फाटकाजवळचं दगडी घर राहायला मिळतं. गिब्बी आणि त्याची बायको शोना ज्या घरात भाड्याने राहत होते, ते मालकाने विकलं होतं. जानेवारीअखेर सोडायचं होतं. गावात दुसरं घर नव्हतं. म्हणजे जागा मिळाली तर दगडी घर, नाही तर एल्गिनला शोनाच्या आईकडे. गिब्बी सासूबद्दल कधी वाईट बोलत नाही. तिच्याबद्दल तो बोलतच नाही.

त्या जागेसाठी दोन नावं उरली होती. एक गिब्बी, दुसरा डंडीचा कोणी पदविकावाला. निवड करायची होती म्यूरिएल फार्करबाईंनी. बाई मैदान समितीच्या प्रमुख, आणि निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर गावाच्या तोंडात बघून झाल्यावर आता त्या मैदानाच्या तोंडात बघत होत्या.

"गेडिस, मला कागद दाखवू नका," त्या म्हणाल्या होत्या. "मॅजिस्ट्रेटची भिंत दाखवा. बुधवारी सकाळी नऊला येते. फट दिसली तर मी डंडीला फोन लावीन."

मॅजिस्ट्रेट म्हणजे चौदाव्या होलच्या हिरवळीला चिकटून असलेला वाळूचा खड्डा. आमच्याकडे जुन्या बंकरांना नावं असतात. याला मॅजिस्ट्रेट म्हणतात, कारण त्याच्यासमोर गेलेला माणूस सहसा निर्दोष सुटत नाही. पुढच्या बाजूला माणसापेक्षा हातभर उंच भिंत. मागच्या बाजूला आत उतरायची अरुंद उतरती वाट. बस, तेवढीच वाट.

ती भिंत दगडाविटांची नसते. गवताच्या लाद्या कापून विटांसारख्या एकावर एक रचतात आणि मागे माती भरतात. पाच-सहा वर्षांत ती बसते, कुजते, मग पुन्हा बांधायची. आणि हे काम हिवाळ्यातच करावं लागतं, कारण उन्हाळ्यात खड्ड्यांमध्ये सभासद असतात.

हे दोघांचं काम आहे. एक खाली, एक वर. वरचा लादी देतो, खालचा लावतो. खालचा कधी मान वर करत नाही, कारण वर बघितलं की डोळ्यांत माती पडते. तो नुसता हात वर करतो, तळवा उघडा ठेवतो आणि म्हणतो, "पुढची."

वरचा तळव्यावर लादी ठेवतो.

एकोणीस वर्षं गिब्बीने हे इतक्या वेळा केलं होतं, की शोना सांगते, तो झोपेतही हात वर करतो.

त्या मंगळवारी वर होता नॉर्मन स्लेटर. नॉर्म. वय साठ. नॉर्मचे हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालतं.

भिंत एकूण चाळीस थरांची. दुपारी दोनपर्यंत एकतीस झाले होते. नऊ उरले होते आणि ते त्याच दिवशी व्हायला हवे होते. रेडिओवर सांगितलं होतं, रात्रीपासून आठवडाभर कडाक्याची थंडी. गोठलेली लादी लावता येत नाही. ती बसत नाही, नुसती टेकते.

"गिब्बी, तू भिंत बांधतोयस की तिच्याशी लग्न करतोयस?" नॉर्म वरून म्हणाला.

"पुढची."

"त्या लादीवरून चार वेळा हात फिरवलास. शोनाच्या गालावरून इतक्यांदा फिरवला असतास तर तिनेच तुला घर बांधून दिलं असतं."

"नॉर्म, पुढची."

"पुढची नाही. संपल्या. दहा-बारा आहेत त्या खाली टाकतो. ट्रॅक्टर घेऊन शेडवर जातो, उरलेल्या आणतो. वीस मिनिटं. तोवर एकटा रडू नकोस."

सव्वादोनला ट्रॅक्टर फटफटत गेला.

मागोमाग समुद्रावरून धुकं आलं. आमच्याकडचं धुकं तरंगत येत नाही. ते येऊन बसतं, पाहुण्यासारखं. गिब्बीला आधी झेंडा दिसेनासा झाला, मग हिरवळीची कड, मग खड्ड्याच्या काठावरचं गवतही पुसट झालं.

त्याने त्या दहा-बारा लाद्या लावल्या. मन पूर्ण कामात होतं. नऊ वाजता बाई येणार, किल्ली किंवा एखादं नाणं घेऊन प्रत्येक सांध्यात खुपसणार, हेच डोळ्यांसमोर. शेवटची लादी ठोकली, फावड्याच्या पाठीने दोनदा थोपटली.

आणि सवयीने हात वर केला.

"पुढची."

तळव्यावर...

लादी आली.

गिब्बीने ती लावली. नॉर्म परत आला, त्याने मनात म्हटलं. ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला नव्हता खरा. पण धुक्यात आवाज मरतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"पुढची."

आली.

काम असं चाललं की विचारू नका. तळवा उघडायचा अवकाश, लादी हजर. ना पुढे, ना मागे. बरोबर हाताच्या मध्यावर. एक थर झाला, दोन झाले. तीन.

नॉर्म काहीच बोलत नव्हता.

मला विचाराल तर गिब्बीने तिथेच काम टाकून पळायला हवं होतं. नॉर्म स्लेटर सलग तीन थर गप्प बसला, याचा खुलासा विज्ञानाकडे नाही. पण गिब्बीला उलट बरं वाटलं. नॉर्मलाही आपल्या घराची काळजी आहे, म्हणून बिचारा तोंड मिटून काम करतोय, असं वाटून त्याला थोडं भरूनही आलं.

फक्त एक गोष्ट त्याच्या हाताला खटकत होती.

त्यांच्या लाद्या यंत्राने कापलेल्या असतात. कडा सरळ. या लाद्यांच्या कडा किंचित तिरप्या होत्या. हाताने, सुरीने कापल्यासारख्या. आणि गवत... लांब होतं. या मैदानावर इतकं लांब गवत त्याने कधी वाढू दिलं नव्हतं.

सव्वातीनला खिशात फोन वाजला. पडद्यावर नाव, नॉर्म.

"वर उभा राहून फोन कशाला करतोस?" गिब्बी म्हणाला. त्याचा दुसरा हात वरच होता.

"वर कुठे? मी शेडमध्ये आहे. रागावू नकोस गिब्बी, ट्रॅक्टर मेला. बॅटरी. तासभर खटपट करतोय. आणि बाहेरच्या लाद्या आत्ताच दगड झाल्यात. आज काही जमत नाही."

गिब्बीने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आणि त्याच क्षणी त्याच्या उघड्या तळव्यावर...

कोणीतरी अलगद लादी ठेवली.

"गिब्बी? ऐकतोयस ना?"

"नॉर्म, थट्टा नको करूस."

"थट्टा करायला मी काय शेकोटीशी बसलोय? बोटं निळी पडलीत माझी." मग नॉर्म थांबला. "तुझ्याबरोबर कोण आहे?"

"का?"

"ठोकल्याचा आवाज येतोय."

गिब्बीचं फावडं त्याच्या पायाशी पडलं होतं.

थप... थप... थप.

आवाज समोरून येत नव्हता. वरूनही नाही.

पाठीमागून येत होता.

गिब्बीने हातातली लादी हळूच वाळूत ठेवली. मग वळला.

मागची उतरती वाट, आत-बाहेर करायची एकुलती एक वाट, तिथे भिंत उभी होती. गुडघ्याएवढी. ताज्या लाद्यांची.

कोणी नव्हतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? टांग टाकून ओलांडली असती आणि गावापर्यंत मागे बघितलं नसतं. गिब्बीने काय केलं, ते सांगताना त्याला आजही लाज वाटते.

तो वाकला आणि सांधे बघू लागला.

सांधे अप्रतिम होते. वरच्या लादीचा मध्य खालच्या सांध्यावर, सुतात. एकही फट नाही. त्याने अंगठा खुपसून बघितला, जाईना. एकोणीस वर्षांत असं काम त्याच्या हातून झालं नव्हतं आणि त्याला, त्या तशा वेळीसुद्धा, थोडा मत्सर वाटला. शिवाय ताज्या लादीवर पाय द्यायचा नसतो, हे तो गेली एकोणीस वर्षं इतरांना ओरडून सांगत आला होता. कुठे पाय ठेवावा, याचा त्याने विचार केला. फार तर पाच-सहा क्षण.

मान वर केली तेव्हा भिंत त्याच्या छातीला लागली होती.

तो आता घाबरला. उशिरा, पण व्यवस्थित.

त्याने दोन्ही हात भिंतीवर टाकून अंग वर खेचलं. हात निसटले. लाद्यांवर बर्फाची पातळ काच चढली होती. लाथ घातली. अंगठ्यातून कळ मस्तकापर्यंत गेली. आत्ता लावलेली गवताची भिंत दगडासारखी कडक होती. वाळूत पडलेला लाद्यांचा रिकामा क्रेट आणून त्यावर चढला, हात पुरला, पण धरायला काहीच नव्हतं. नुसती गुळगुळीत कड. आणि ती कड...

त्याच्या बोटांखाली एका लादीने वाढली.

त्याने एकदाही कोणाला लादी लावताना पाहिलं नाही. हे त्याने मला तीनदा सांगितलं. इकडे बघावं तर तिकडून थप. तिकडे वळावं तर पाठीमागून. भिंत चारही बाजूंनी फिरली, गोल झाली. आणि सरळ वर जाईना. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा बोटभर आत येत होता.

वर आकाशाचा एक राखाडी गोल उरला. विहिरीच्या तोंडाएवढा.

मग परातीएवढा.

"नॉर्म," तो फोनमध्ये म्हणाला. आवाज शक्य तितका साधा ठेवून. "पळत ये."

"निघालोय केव्हाचा. तू लाइन सोडू नकोस." नॉर्म धापा टाकत होता. "धुकं काय आहे. हे तेरावं गेलं... हं. झेंडा दिसला. आलो. कुठे आहेस?"

"आत."

"कशाच्या आत?"

"मॅजिस्ट्रेटच्या आत, आणखी कशाच्या?"

फोनमध्ये गवतावर इकडेतिकडे फिरणाऱ्या बुटांचा आवाज आला.

"गिब्बी, मी मॅजिस्ट्रेटपाशी उभा आहे. झेंडा उजवीकडे, कुंपण मागे. तुझा डबा इथे काठावर ठेवलेला, तो पण आहे." नॉर्मचा आवाज एकदम लहान झाला. "इथे खड्डा नाहीये."

"म्हणजे?"

"गवत आहे. सपाट. मी त्याच्यावर उभा आहे."

गिब्बीच्या चेहऱ्यावर...

वरून थोडी माती पडली.

त्याने वर बघितलं. गोल आता ताटलीएवढा होता. त्यात कोणी दिसलं नाही, नॉर्मही नाही. मग ताटलीत एक काळा चौकोन अलगद येऊन बसला, आणि काळोख झाला.

ठोकणं थांबलं.

गिब्बी म्हणतो, ठोकणं चालू होतं तोवर बरं होतं. निदान ते बाहेर आहेत, एवढं कळत होतं.

तो हलला नाही. श्वाससुद्धा नाकातल्या नाकात. फोन वाळूत पडला होता, त्यातून नॉर्म त्याला हाका मारत होता, पण उचलायला वाकण्याची हिंमत होईना. मातीचा वास येत होता. ओल्या, फार जुन्या, खालच्या मातीचा.

मग त्याच्या पोटाजवळ काहीतरी टेकलं.

तो एक हात होता. उघडा तळवा, वर केलेला. थंड. नुसता थांबलेला.

लादीची वाट बघत.

गिब्बीला त्या क्षणी कळलं, की आता खाली कोण आणि वर कोण, हे बदललं आहे.

तो मागे सरकला, तो त्याच्या स्वतःच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. आणि पाठीला जाणवलं. ही मऊ आहे. बाकीचं सगळं दगड झालं होतं, पण त्याने आणि नॉर्मने लावलेले ते खालचे एकतीस थर अजून ओले, गवताचेच होते. मागे भुसभुशीत माती. तोडता आले असते.

एकतीस थर. पाच दिवसांचं काम. सकाळी नऊला बाई. फाटकाजवळचं घर. आठवडाभर थंडी, म्हणजे पुन्हा बांधणं नाही. म्हणजे डंडीचा माणूस. म्हणजे एल्गिन.

पायाने चाचपून त्याने फावडं उचललं. आणि मग त्याने जे केलं ते फक्त गिब्बीच करू जाणे. त्याने आधी विचार केला, की कुठून तोडली तर कमी दिसेल.

मग तो थंड तळवा पुन्हा टेकला, या वेळी गळ्याशी. गिब्बीने विचार सोडून दिला.

त्याने फावडं आपल्याच भिंतीत घातलं. लाद्या फाडल्या, ओढल्या, पायाखाली घेतल्या, मागची माती उपसली, आत शिरला, तिरपा वर चढला, तोंडात माती, डोळ्यांत माती. पायाला मागून काहीतरी लागत होतं. ओढत नव्हतं, असं तो सांगतो. फक्त चाचपत होतं. मोजत असल्यासारखं.

नॉर्मने बाहेरून पाहिलं ते असं. सपाट गवतातून फावड्याचं पातं वर आलं. मग एक हात आला.

नॉर्मने तो लगेच धरला नाही. "हात कोणाचाही असू शकतो," तो नंतर म्हणाला. त्याने आधी विचारलं, "गिब्बी असशील तर तुझ्या सासूबद्दल सांग."

लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर गिब्बी पहिल्यांदा सासूबद्दल बोलला. नॉर्मची खात्री पटली. त्याने हात धरून ओढलं.

दोघं पळाले. चौदाव्याच्या दहिवर पडलेल्या हिरवळीवरून, बुटांसकट. गोठलेल्या हिरवळीवर पाय पडला की गवत मरतं आणि पावलं काळी उमटतात. एकोणीस वर्षांत गिब्बीने हे पाप केलं नव्हतं. मागे काय दिसतं हे बघायला दोघंही थांबले नाहीत.

त्या रात्री शोनाने त्याला गरम पाण्यात बसवलं. त्याच्या कानातून माती निघत होती.

"तोडलीस?" तिने विचारलं.

"तोडली."

"सगळी?"

"माणूस बाहेर येईल एवढी."

शोनाने ओले हात पुसले. मग उठली. "आईला फोन करते," म्हणाली. "तिला खोली आवरायला वेळ लागतो."

सकाळी पारा उणे सात. सगळं मैदान पांढरं, आकाश धुतलेलं. गिब्बी नऊला पाच कमी असताना चौदाव्यावर पोचला. काय सांगायचं ते त्याने रात्रभर पाठ केलं होतं. बाई, भिंत मी तोडली, कारण विचारू नका.

फार्करबाई आधीच आल्या होत्या. खड्ड्याच्या काठाशी, पाठमोऱ्या.

खड्डा होता. मागची उतरती वाट मोकळी होती, तिच्यात एक लादीसुद्धा नव्हती.

आणि समोर भिंत उभी होती.

अख्खी. चाळीस थर. जिथे त्याने फावडं घातलं होतं तिथे ओरखडाही नव्हता. पहिल्या सूर्याची तिरीप तिच्यावर पडली होती आणि एकाही सांध्यात सावली नव्हती.

बाई खाली उतरल्या. पर्समधून एक लांब जुनी किल्ली काढली आणि सांध्यांमधून फिरवायला लागल्या. एकदाही किल्ली आत गेली नाही.

"इतकी वर्षं दात बघितले," त्या म्हणाल्या, "देवानेसुद्धा इतके सरळ बसवलेले नाहीत."

इथे गिब्बी गप्प राहिला असता तर कोणाचं काही गेलं नसतं. पण तो एकोणीस वर्षं स्वतःच्या हातचंच काम आपलं म्हणत आला होता.

"बाई, ही मी बांधलेली नाही."

बाईंनी मान वळवली नाही.

"सॉर्लीनेही हेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "शहाऐंशी साली. तेव्हा माझे वडील समितीवर होते. मी गाडीत बसून ऐकत होते."

"मग?"

"मग काय. एकतीस वर्षं राहिला."

"मध्ये त्याने कधी सोडायचा प्रयत्न नाही केला?"

आता त्या वळल्या. दाढ काढायची ठरल्यावर पेशंटकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं. चेहरा अतिशय प्रेमळ होता.

"दोनदा," म्हणाल्या.

आणि हातातली किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली. ती फाटकाजवळच्या घराची होती.

तुम्ही म्हणाल, त्याने किल्ली घेतलीच कशाला. जानेवारीअखेर घर सोडायचं असतं तेव्हा माणूस किल्ली घेतो. शोनाला मात्र त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, भिंत तिकडे आहे, घर इकडे आहे, मधे अर्धा मैल आहे.

दोन हिवाळे तिचंच खरं ठरलं.

मग गिब्बीला किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावातून बोलावणं आलं. चांगलं मैदान, चांगलं घर. त्याने कोणाला सांगितलं नाही. राजीनामाही लिहिला नव्हता. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दोघांनी पेट्या भरल्या, सकाळी ट्रक येणार होता. सकाळी शोनाने दार उघडलं.

उंबऱ्यापलीकडे, दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत... गवताच्या लाद्यांचा एक थर लावलेला होता.

एकच. टांग न टाकता ओलांडता येईल असा.

त्यांनी ट्रक परत पाठवला.

तो थर त्यांनी काढलेला नाही. काढायला हात कोण लावणार, आणि लावल्यावर काय होईल, याची चर्चासुद्धा त्या घरात होत नाही. पोस्टमन, दूधवाला, समितीचे लोक, सगळे पाय उचलून आत येतात आणि हवेबद्दल बोलतात.

मागच्या रविवारी आम्ही दोघं तिथे जेवायला गेलो होतो. निघताना बायको कोट चढवत होती, म्हणून मी उगाच दारात उभा राहून थर मोजले.

तीन आहेत.

"पुन्हा जायचा विचार चाललाय की काय?" मी थट्टेने विचारलं.

"शपथ घेऊन सांगते, या घरात त्याचं नावसुद्धा कोणी काढलेलं नाही," शोना म्हणाली.

मी गिब्बीकडे बघितलं. तो बशा गोळा करत होता. त्याने मान वर केली नाही.